ज्वालामुखीवर एक दिवसाचा गाईडेड ट्रेक : फाग्रादाल्सफ्याल, आइसलँड (नाशिककरांनी जावं का?)

गोदाकाठची

परवा कॉलेज रोडच्या कट्ट्यावर विषय निघाला आणि चार जणांनी चार वेळा तेच प्रश्न विचारले, म्हणून एकदाच सगळं इथे टाकतेय, पुढच्या वेळी नुसती लिंक फेकेन. लेकीकडे कोपनहेगनला गेले होते, तिथून आम्ही दोघी आइसलँडला गेलो आणि २०२५ च्या ऑगस्टअखेर फाग्रादाल्सफ्यालचा एक दिवसाचा गाईडेड ट्रेक केला. नाव नीट म्हणता येत नाही, सोडून द्या, तिथल्या लोकांनाही आपलं त्र्यंबकेश्वर म्हणता येणार नाहीये.

आधी जागा समजून घ्या. राजधानी रेक्याविकपासून गाडीने तासाभरात रेक्यानेस नावाचा द्वीपकल्प आहे, विमानतळ पण तिकडेच. तिथे जवळपास आठशे वर्षं सगळं शांत होतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये भूकंप सुरू झाले, त्यातला मोठा ५.७ चा, तीनेक आठवडे जमीन हलत राहिली आणि १९ मार्चच्या रात्री गेल्डिंगादालिर नावाच्या खोलगट दरीत जमीन फाटून लाव्हा वर आला तो सप्टेंबरपर्यंत वाहत होता. मग ऑगस्ट २०२२ मध्ये शेजारच्या मेरादालिर दरीत, मग जुलै २०२३ मध्ये लिट्ली ह्रूटुर टेकडीपाशी. तिन्ही वेळा आसपास घरदार नाही, त्यामुळे लोकांनी जत्रेसारखी गर्दी केली. पण त्यानंतर प्रकरण सरकलं ग्रिंदाविक गावाकडे. १० नोव्हेंबर २०२३ ला रात्रीतून अख्खं गाव खाली केलं, जानेवारी २०२४ मध्ये लाव्हा गावाच्या हद्दीत शिरला आणि घरं जळाली. डिसेंबर २०२३ पासून ऑगस्ट २०२५ पर्यंत त्या बाजूला नऊ उद्रेक झाले, शेवटचा थांबला ५ ऑगस्टला, म्हणजे आम्ही पोचायच्या थोडंसंच आधी. आम्ही चाललो ते मात्र २०२१ वाल्या लाव्हाकडे. म्हणजे वाहता लाव्हा बघितला का, तर नाही. हे आधीच सांगते, नंतर शिव्या नकोत.

सकाळी मिनीबस घ्यायला येते. आमची गाईड पंचविशीतली मुलगी, भूशास्त्र शिकलेली, बॅगेच्या पट्ट्याला गॅसचा मीटर अडकवलेला. काठ्या त्यांनीच दिल्या. डोंगराची उंची सगळी मिळून ३८५ मीटर, त्यामुळे "चढ फार आहे का" हा प्रश्न निकालात निघतो, श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी मारणाऱ्या कुणालाही जमेल. त्रास आहे तो घसाऱ्याचा (सुट्या, पायाखाली सरकणाऱ्या खडीचा) आणि वाऱ्याचा. वारा असा की डोंगराच्या सोंडेवर चढताना मी लेकीचा दंड धरून चालत होते आणि पाऊस वरून नाही, बाजूने येतो. छत्री नेऊ नका, तिथे छत्री घेऊन येणारा माणूस लांबूनच नवखा कळतो.

वर पोचलं की एकदम सगळी दरी काळी. आपण डोंगराच्या कडेला आणि खाली ज्याला दरी म्हणायचं ती भरूनच गेलेली, मधून जुन्या टेकड्यांचे माथे फक्त वर राहिलेत. पावसाची सर येऊन गेली आणि पाचेक मिनिटांत त्या काळ्यातून ठिकठिकाणी वाफा निघायला लागल्या. चार वर्षं झाली, आत अजून गरम आहे.

लाव्हाच्या काठाशी गाईडने एक सुटा तुकडा माझ्या हातात ठेवला. वजनच नाही. आत नुसती भोकं, वरची पातळ साय काचेची, उन्हाकडे धरली की निळी-जांभळी चमकते. माझ्या लोकरीच्या हातमोज्याला तो असा रुतला की सोडवताना लोकरीचे धागे तुटून त्याच्यावरच राहिले. मग तिने तो परत घेतला, धागे वेचून काढले आणि जिथला होता तिथेच ठेवला.

जेवायच्या वेळी आम्ही काय केलं असेल? आडोसा शोधला. एक छान खळगा दिसला, वारा अजिबात नाही, डबा उघडणार तेवढ्यात तिने हाक मारून सगळ्यांना वर बोलावलं. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, त्याला वास नाही, तो खळग्यात साचतो. सल्फर डायऑक्साइड निदान नाकाला झोंबतो तरी. उद्रेक चालू असताना तर हा नियम जिवावरचा आहे, पण बंद असतानाही ती पाळते आणि पाळायला लावते. शेवटी वाऱ्यात उभ्यानेच दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, अर्धी चटणी अटलांटिकला गेली.

माझं मत विचाराल तर जावं, आणि गाईड घेऊनच जावं. वाट दाखवायला गाईड लागत नाही, वाटेवर खुणा आहेत. "इथे बसू नका", "आता मागे फिरा" हे सांगणारं माणूस सोबत हवं म्हणून.

तर्रीबाज

ताई लिहिलंय झकास पण एक शंका आहे, लाखांनी पैसे घालून काळे दगडच बघायचे तर ते आपल्याकडे फुकट आहेत ना भो. घराच्या खिडकीतून चामरलेणी दिसते मला, तिथे पण काळाच दगड आहे आणि खाली उतरलं की मिसळ मिळते. लाव्हा वाहत असता तर गोष्ट वेगळी होती.

सिडकोची_सून

फोटो कुठेत??? धागा विनाफोटो म्हणजे फाऊल.

सोंड_आणि_खिंड

छान माहिती. पण गाईडच्या मुद्द्यावर असहमत. आम्ही लोक भर पावसात हरिहरच्या पायऱ्या चढतो, साल्हेर-मुल्हेर पाठीवर सॅक घेऊन करतो आणि ३८५ मीटरच्या टेकाडाला गाईड? वाटेवर खुणा आहेत म्हणता, मग भाड्याची गाडी घेऊन स्वतः गेलं तर निम्म्यात होईल. हे गाईडेड प्रकार म्हणजे पर्यटकांना रांगेत चालवायचे पैसे.

उत्तरेचा_सातपूरकर

मी तिकडे नोकरीला होतो, २०२३ चा लिट्ली ह्रूटुरचा उद्रेक चालू असताना दोनदा गेलोय, दोन्ही वेळा गाईडशिवाय. त्यामुळे सोंड आणि खिंड यांचं अर्धं पटतं. उन्हाळ्यात, उघड्या हवेत, रस्ता सुरू आहे हे बघून निघालात तर स्वतः जाता येतं, पार्किंगचे पैसे मोबाईलवरून भरायचे आणि चालायला लागायचं. पण त्या वेळी येऊन-जाऊन वीस किलोमीटर होतं आणि अर्ध्या वाटेत लोक पाय धरून बसलेले बघितलेत, जीन्स घालून आलेले, स्पोर्ट शूज, पाण्याची एक छोटी बाटली. वाटेत पाणी कुठेच नाही हे लक्षात ठेवा, पाऊस एवढा पडतो पण तो सगळा त्या सच्छिद्र खडकातून खाली जातो, झरा नाही की ओहोळ नाही. झाड तर नाहीच, त्यामुळे बायकांची कुचंबणा होते, निघायच्या आधी उरकून घ्या.

आणि बचावाला जे लोक येतात ते सगळे स्वयंसेवक असतात, स्वतःची कामंधंदे सोडून येतात. आपल्याकडे गडावर कुणी अडकलं की नाशिकची पोरं धावतात ना, तसंच. एका पावसाळी रात्री त्यांना एका माणसाला स्ट्रेचरवरून खाली आणताना बघितलं, त्यानंतर माझी मस्ती जरा कमी झाली.

दलघफू_काका

जलसंपदा खात्यात हयात गेली त्यामुळे आकडा दिसला की हात शिवशिवतो. २०२१ च्या त्या उद्रेकातून साधारण १५ कोटी घनमीटर लाव्हा बाहेर पडला असं मोजलं गेलंय, सहा महिन्यांत. आपल्या भाषेत ५३०० दलघफू (दशलक्ष घनफूट). आता गंगापूर धरणाची क्षमता ५६३० दलघफू. म्हणजे गंगापूर चौऱ्याण्णव टक्के भरलंय असं समजा, फक्त पाण्याऐवजी १२०० अंशाचा वितळलेला दगड.

आणि विसर्ग काढला तर सरासरी सेकंदाला साडेनऊ घनमीटर, म्हणजे साडेतीनशे क्युसेकच्या आत. एवढा विसर्ग गोदावरीत सोडला तर दुतोंड्या मारुतीच्या (नदीपात्रातली मूर्ती, पूर किती ते नाशिककर तिच्यावरून बघतात) पायालाही पाणी लागत नाही, पेपरात बातमी येत नाही. पण तोच सहा महिने न थांबता चालू ठेवला तर काय होतं ते ताईंनी बघितलंय.

सिडकोची_सून

काका ____/\____ आता कळलं. इतके दिवस नुसतं "प्रचंड लाव्हा" वाचत होते.

तर्रीबाज

काका लई भारी. पण माझा प्रश्न तिथेच आहे, थंड झालेलं गंगापूर बघायला एवढ्या लांब का जायचं?

बेसाल्टमास्तर

तर्रीबाज, तुमच्या प्रश्नाला नीट उत्तर द्यावं असा प्रश्न आहे म्हणून देतो, लांबेल जरा.

चामरलेणीचा दगड आणि ताईंच्या हातातला तुकडा, दोन्ही बसाल्टच, म्हणजे लाव्हा थंड होऊन झालेला काळा दगड. आपला ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या आसपासचा, त्यांचा चार वर्षांचा. दोन्हीकडे लाव्हा भेगांतून आलेला आहे, म्हणून तर सह्याद्रीत चित्रातल्यासारखा शंकू आणि वर खड्डा असा डोंगर सापडत नाही, थरावर थर सापडतात. इगतपुरीच्या नावाने तर भूशास्त्रात एक अख्खा थरसमूह आहे, त्याच्या खाली जव्हारचा. कसारा घाटात रस्त्याच्या कापलेल्या कडेला दोन काळ्या थरांच्या मध्ये विटकरी पट्टा दिसतो ना, तो म्हणजे एक लाव्हा थंड झाल्यावर आणि दुसरा येण्याआधी मध्ये जो काळ गेला त्यात तयार झालेली माती, वरून दुसरा लाव्हा आला आणि ती भाजली गेली.

मग तिकडे वेगळं काय? भोकं. ताईंनी लिहिलंय बघा, आत नुसती भोकं. ती गॅसच्या बुडबुड्यांची आणि तिकडे ती रिकामी आहेत. आपल्याकडे त्याच भोकांतून लाखो वर्षं पाणी झिरपलं आणि आत स्टिलबाइट, ॲपोफिलाइट, स्कोलेसाइट असली खनिजं वाढली. सिन्नरच्या गारगोटी म्युझियममध्ये काचेच्या कपाटात जे मांडून ठेवलंय ते म्हणजे भरलेली भोकं. वरची काचेची साय आपल्याकडे केव्हाच कुजून गेली. वाहता लाव्हा थिजताना पडलेले दोरखंडासारखे पीळ आपल्या दगडातही आहेत, पण ते बघायला ओळखीची नजर लागते, तिकडे पहिली-दुसरीतलं पोरगंसुद्धा बोट दाखवेल. मी आयुष्यभर ही गोष्ट फळ्यावर शिकवली, ताजी सुरुवात प्रत्यक्ष बघायची संधी मिळाली तर उसने पैसे काढून जाईन.

काकांच्या हिशोबात भर घालतो. १७८३ साली त्याच देशात लाकी नावाची २७ किलोमीटरची भेग आठ महिने वाहिली, साधारण १५ घन किलोमीटर, म्हणजे शंभर फाग्रादाल्सफ्याल. त्यातल्या फ्लोरिनने गवत विषारी झालं, गुरं मेली, दुष्काळ पडला आणि देशातली साधारण पाचात एक माणसं गेली. आणि आपला दख्खनचा पसारा आजही पाच लाख चौरस किलोमीटर उरलाय, त्यातले काही प्रवाह पार आंध्रात राजमहेंद्रीपर्यंत पोचलेत. तेव्हा २०२१ चा उद्रेक म्हणजे तसं पोरकट प्रकरण होतं. पण पोरकट होतं म्हणूनच माणसाला त्याच्याजवळ जाता आलं.

सोंड_आणि_खिंड

सर एक नंबर. पण मग मला सांगा, एवढं पोरकट आहे तर धोका कसला? आणि २०१० ला विमानं बंद पडली होती ती आइसलँडमुळेच ना?

बेसाल्टमास्तर

ती आइसलँडमुळेच, पण दुसऱ्या ज्वालामुखीमुळे. एयाफ्यात्लायोकुल हिमनदीच्या खाली फुटला, बर्फाचं पाणी आणि तापलेला मॅग्मा (लाव्हा बाहेर पडण्याआधी जमिनीखाली असतो तो) एकत्र आले की दगडाची बारीक राख होऊन वर उडते. रेक्यानेसला वर बर्फ नाही आणि मॅग्मा पातळ आहे, गॅस सहज सुटतो, लाव्हा उडण्यापेक्षा वाहतो. इंडोनेशियासारख्या ठिकाणी मॅग्मा चिकट असतो, गॅस कोंडतो आणि एकदम फुटतो. "ज्वालामुखी बघायला चाललोय" एवढ्याने काही कळत नाही, कुठल्या जातीचा ते विचारायचं. बालीला जाणाऱ्यांनी पण.

गोदाकाठची

@सोंड आणि खिंड, धोका कसला ते सांगते. आपली सगळी सवय अशी की काळा कातळ दिसला की पाय बिनधास्त ठेवायचा, पावसात निसरडा असेल एवढीच भीती. हरिहरला तुम्ही ज्याच्यावर भरवसा ठेवता तो कातळच आहे. तिथे नेमकं उलटं. काठावरचा लाव्हा दिसायला पक्का, पण वरचं कवच किती जाड आणि खाली पोकळी आहे का ते बाहेरून कळत नाही. गाईड म्हणाली की कवचावर चढून फोटो काढणारे लोक तिने स्वतः हाका मारून उतरवलेत, आणि बचाव पथक तिथे तुमच्या मागे येणार नाही कारण त्यांनाही ते पेलणार नाही. आमच्या ग्रुपमधले एक गृहस्थ, चांगले फिट, पाय टाकायला निघालेच होते. कुठले ते सांगत नाही, मराठी नव्हते एवढंच :)

आणि शेवाळ! जुन्या लाव्हावर लोकरीसारखं राखाडी-हिरवं शेवाळ असतं, त्यावर पाय दिला तर ठसा वर्षानुवर्षं राहतो. आपण वाट सोडून गवतातून शॉर्टकट मारतो ना, तो तिथे मारायचा नाही.

घाटावरचा

मी जरा कडू बोलतो, माफी असावी. गाईड असला म्हणजे सगळं आलबेल हे मला पटत नाही. न्यूझीलंडच्या व्हाकारी बेटावर ९ डिसेंबर २०१९ ला जे लोक होते त्यातले बहुतेक गाईडेड टूरवरच होते. ४७ माणसं बेटावर, २२ गेली, बाकीचे भाजले. त्याच्या तीन आठवडे आधी धोक्याची पातळी वाढवलेली होती तरी टूर चालू होत्या. आणि इंडोनेशियात मारापी ज्वालामुखी, ३ डिसेंबर २०२३, २४ गिर्यारोहक गेले. तिथे तोंडापासून तीन किलोमीटर लांब राहा असं शास्त्रज्ञ सांगत होते. गाईडचं पोट टूरवर असतं हे विसरू नका.

बेसाल्टमास्तर

घाटावरचे, मुद्दा बरोबर आहे आणि कडू वगैरे काही नाही. व्हाकारीला लाव्हाची गरजच नव्हती, जमिनीखालचं पाणी तापून वाफेचा स्फोट झाला, अशाला आधी सूचना मिळेलच असं नाही. रेक्यानेसला त्या मानाने भूकंप बोलतात, जमीन फुगते, जीपीएसला कळतं. तरी शेवटच्या टप्प्यात काही वेळा हातात तास-दीड तासच मिळालाय.

उत्तरेचा_सातपूरकर

म्हणून गाईडवर सोडू नका आणि स्वतःच्या अनुभवावरही सोडू नका. बुकिंगच्या आधी आणि निघायच्या दिवशी सकाळी आइसलँडच्या हवामान खात्याची साइट उघडा, उद्रेक, भूकंप, गॅस सगळं तेच खातं बघतं. रस्ता बंद-चालू ते पोलीस ठरवतात. २०२२ ला पोलिसांनी बारा वर्षांखालच्या मुलांना वर न्यायला बंदीच केली होती, लोक चिडले, पण लहान पोरं जमिनीच्या जवळ, गॅसही जमिनीच्या जवळ, त्यांचं बरोबर होतं. टूरवाल्याला एकच प्रश्न विचारा, तुम्ही ट्रिप रद्द केली तर पैसे परत देता का. जो सरळ हो म्हणतो त्याचा गाईड मागे फिरवायला कचरत नाही.

घाटावरचा

हा प्रश्न आवडला. पटलं.

सोंड_आणि_खिंड

बरं बाबा, गाईड घेतो. पण काठ्या माझ्याच नेणार.

तर्रीबाज

मास्तरांच्या भोकांनी मला गार केलं. रविवारी सिन्नरला जाऊन भरलेली बघून येतो, रिकाम्यांचं पुढच्या बोनसला बघू.

नांदूरची_नीता

उशिरा येतेय. आम्ही जूनमध्ये जातोय, सोबत सासूबाई, वय चौसष्ट, गुडघ्याची तक्रार आहे पण घरी बसवलं तर रुसतील. शिवाय त्या कांदा-लसूण खात नाहीत. काय करू?

गोदाकाठची

नीता, जून उत्तम, रात्री बारापर्यंत उजेड असतो त्यामुळे घाई नाही. सासूबाईंना वर नेऊ नकोस, घसाऱ्यावर उतरताना गुडघे बोलतात. पण २०२१ चा लाव्हा दक्षिणेला नाटहागी दरीत उतरून रस्त्याच्या दिशेने आला होता, रस्ता वाचवायला त्यांनी मातीचे बांध पण घातले होते. त्याचं टोक पार्किंगपासून थोडंसंच चालून येतं, बऱ्यापैकी सपाट. तिथे त्यांना लेकाबरोबर सोड, काठापर्यंत जाऊन येतील, लाव्हा तोच आहे.

खाण्याचं म्हणशील तर ट्रेकवर मिळत काहीच नाही, त्यामुळे कांदा-लसणाचा प्रश्नच नाही :) दशम्या, गूळपापडी, राजगिऱ्याचे लाडू ने. सुती कपडे अंगाला लागून घालू नका, भिजले की वाळत नाहीत, आत थर्मल, मध्ये लोकर, वरून पाणी न शिरणारं जाकीट आणि तसलीच पँट. कानटोपी सासूबाईंकडे असेलच.

नांदूरची_नीता

खूप खूप आभार ताई. कानटोपी आत्ताच विणायला घेतली त्यांनी. व्हिसाचं पण सांगा ना, सहा महिने आधी अर्ज करता येतो म्हणतात, आणि इन्शुरन्स तीस हजार युरोचा लागतो हे खरंय का?

गोदाकाठची

दोन्ही खरं. आइसलँड शेंगेनमध्ये येतं त्यामुळे नेहमीचीच पद्धत. पण व्हिसाचा वेगळा धागा काढ बाई, इथे हे दलघफूवाले सगळं बुडवून टाकतील.

दलघफू_काका

मी काहीच बोललो नाही. फक्त राजमहेंद्रीपर्यंतचा विसर्ग काढत होतो.